सिंहगडासाठी मागची कॅसेट: २८, ३२ की ३४?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्याकडे शिमानो क्लॅरिस गिअरची आठ-स्पीड रोड बाइक आहे, पुढे ५०/३४ दातांच्या दोन चक्र्या आणि मागे ११–२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते २८ दातांच्या चक्र्यांचा संच. वजन ७५ किलो. सिंहगड पाच वेळा चढलात, थांबे सोडून वेळ ६५ मिनिटांच्या आसपास, पण दर वेळी दोन-तीनदा पाय टेकावा लागला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. डिसेंबरात पुण्याहून महाबळेश्वरला जायचंय. ग्रुपमधले जुने लोक म्हणतात, गिअर बदलू नका, पाय आपोआप तयार होतील. दुकानदार म्हणतो, क्रँकसेटच (पेडलकडच्या पुढच्या चक्र्या) बदला. आणि तुम्ही विचारताय की ११–३२ घेऊ की ११–३४, आणि त्यामुळे सपाटीवर वेग जाईल का.

कॅसेट निवडणं हे यातलं शेवटचं आणि सोपं काम आहे. त्याआधी एक गोष्ट ठरवायला लागते: तुमच्या नेहमीच्या घाटात, तुम्ही तासभर टिकवू शकता एवढी ताकद लावल्यावर, पाय मिनिटाला किती वेळा फिरतात? हा आकडा माहीत नसताना दिलेला गिअरचा सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट. तुमच्या ग्रुपमधला साठ किलोचा, दहा वर्षं सायकल चालवणारा माणूस २८ वर सिंहगड आरामात चढतो, कारण त्याच ताकदीत तो तुमच्यापेक्षा वीसेक टक्के जास्त वेगाने वर जातो आणि त्याचे पाय आपोआप जलद फिरतात. तो खोटं सांगत नाही, फक्त स्वतःच्या पायांबद्दल सांगतोय.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुमचं वजन, रोजचा सराव, कोणता घाट, घाटाच्या आधी किती किलोमीटर झालेत, ऊन किती आहे, गुडघ्याची जुनी कुरकुर आहे का, यातलं एक जरी बदललं तरी उत्तर सरकतं. म्हणून उत्तराबरोबर हिशोबही देतोय, म्हणजे तुमचे आकडे बदलले की तुम्हीच तो पुन्हा करू शकाल.

हिशोबाला पॉवर मीटर लागत नाही. तुम्ही, सायकल, पाणी, पंप, ट्यूब असं सगळं मिळून वजन किलोत घ्या, त्याला चढाच्या उंचीने (मीटरमध्ये) गुणा, मग लागलेली मिनिटं गुणिले सहा या संख्येने भागा. येतात ते साधारण वॅट, नुसतं वजन वर नेण्यासाठी लागलेले. टायर, हवा आणि चेन यांच्यासाठी वर दहा टक्के धरा. तुमचे ७५, सायकलचे ११ आणि बाकी सामानाचे २, असे ८८ किलो. डोणज्याकडून वरच्या वाहनतळापर्यंतचा घाट सुमारे नऊ किलोमीटरचा आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. ८८ गुणिले ६०० म्हणजे ५२,८००. त्याला ६५ गुणिले ६, म्हणजे ३९० ने भागलं की १३५. दहा टक्के मिळवले की तुमची तासाभराची ताकद दीडशे वॅटच्या जवळ येते. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन-तीन राइड करणाऱ्या माणसासाठी हा आकडा अगदी नेहमीचा आहे, त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

आता हे दीडशे वॅट रस्त्यावर उतरवू. सात टक्के चढावर एवढ्या ताकदीत तुमचा वेग ताशी आठ किलोमीटरच्या आत-बाहेर राहतो. रोड बाइकचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जातं. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते. म्हणजे ताशी आठला तुमचे पाय मिनिटाला ५२ वेळा फिरतात. मागे ३२ असेल तर ५९, ३४ असेल तर ६३.

५२ आणि ६३ मध्ये फरक लहान दिसतो, पायाला मात्र तो फार मोठा असतो. तेवढेच वॅट कमी फेऱ्यांत काढायचे तर प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लावावा लागतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर ५२ च्या कॅडन्सला (कॅडन्स म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे) पेडलवरचा सरासरी जोर सोळा-सतरा किलोच्या वजनाइतका होतो, ६३ ला साडेतेरा. हे सरासरी आकडे. पेडल खाली ढकलतानाचा कमाल जोर याच्या कितीतरी वर जातो, आणि तो तुम्ही एका चढात तीन हजारांहून जास्त वेळा लावता. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं त्याचं हे एक सरळ कारण.

आणि हा झाला सरासरीचा हिशोब. सिंहगड सरासरीने चढत नाही. मधे सपाटसे तुकडे येतात आणि मग एखाद्या वळणावर दहा टक्के किंवा त्याहून जास्त चढ समोर उभा राहतो. दहा टक्क्यांवर दीडशे वॅटमध्ये तुमचा वेग ताशी पावणेसहापर्यंत उतरतो, आणि २८ वर कॅडन्स ३७. तिथेच तुमचा पाय टेकतो. दम संपतो म्हणून नव्हे. ३७ ला पेडल वरच्या आणि खालच्या बिंदूवर जवळजवळ अडकतं, सायकल डावी-उजवीकडे डुलायला लागते, तोल सांभाळण्यातच शक्ती जाते. तुम्ही लिहिलंय की थांबल्यावर मिनिटभरात श्वास ठीक होतो पण मांड्या भरलेल्या राहतात. गिअर जड असल्याची यापेक्षा स्पष्ट खूण नाही. दमच कमी पडत असता तर उलट झालं असतं: पाय ठीक आणि छाती धपापत.

३४ लावल्यावर त्याच दहा टक्क्यांवर कॅडन्स ४५ होईल. खोटी आशा दाखवत नाही, ४५ सुद्धा आरामाचा आकडा नाही. पण असे तुकडे लहान असतात. शंभर-दीडशे मीटरपुरते तुम्ही दोनशे वॅट लावू शकता, आणि मग तोच आकडा साठच्या जवळ जातो. २८ वर दोनशे वॅट लावूनही तुम्ही पन्नाशीच्या आतच राहता. म्हणून माझा नियम असा आहे: घाटाच्या सरासरी चढावर, टिकाऊ ताकदीत, सर्वांत हलक्या गिअरवर कॅडन्स साठच्या वर राहिला पाहिजे. सत्तर मिळाला तर उत्तम. साठच्या खाली जात असेल तर गिअर बदला, पाय तयार होण्याची वाट बघू नका.

“पाय तयार होतील” या सल्ल्याबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण यामुळे मी चांगले, उत्साही लोक सायकल सोडताना पाहिलेत. मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी जी पहिली रोड बाइक घेतली तिला पुढे ५३/३९ आणि मागे १२–२५ होतं. दुकानात विचारलं तेव्हा हीच खरी रेसिंग सायकल असं ऐकवलं गेलं आणि मी ते मानलं. ३९ बाय २५ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सव्वातीन मीटर. त्यावर मी दोन पावसाळे आणि एक हिवाळा सिंहगड चढलो, अर्धा वेळ रस्त्यावर नागमोडी सायकल नेत. पाय तयार झाले का? थोडे झाले. पण उजवा गुडघाही धरला आणि चार महिने सायकल भिंतीला टेकून राहिली. त्या चार महिन्यांत कमावलेलं बहुतेक गेलं. कॉम्पॅक्ट क्रँक (पुढे ५०/३४) आणि मागे २८ लावून पुन्हा सुरुवात केली आणि त्या एका वर्षात आधीच्या दोन वर्षांपेक्षा जास्त चढ चढलो. पाय तयार होतात ते भरपूर चढल्याने, आणि दुखणं न होता भरपूर चढायचं तर हलका गिअर हवा.

कमी कॅडन्सचा सराव हा एक वेगळा व्यायाम आहे आणि तो उपयोगी आहे. पण तो पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून, सौम्य चढावर, तुमच्या इच्छेने करायचा असतो. दुसरा गिअरच नाही म्हणून तासभर ५२ ने रेटणं याला सराव म्हणता येत नाही. हलका गिअर असलेला माणूस जड गिअर कधीही वापरू शकतो, उलट होत नाही.

हलक्या गिअरला नाक मुरडणं ही सायकलिंगमधली फार जुनी खोड आहे. टूर दी फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारं यंत्र) परवानगी नव्हती. चढ आला की चाक काढून उलटं लावून गिअर बदलायचा. आज चित्र काय आहे बघा: शिमानोच्या सर्वांत वरच्या ड्युरा-एस श्रेणीचा बारा-स्पीड संच २०२१ साली आला आणि त्याच्या कॅसेटमध्ये ११–३४ आहे. जगातल्या सर्वांत ताकदवान पायांसाठी बनवलेल्या संचात ३४ दाती चक्री चालते, तर आपल्याला सिंहगडावर तिची लाज वाटायचं कारण नाही.

आता ३२ की ३४. इथे मात्र आठ-स्पीडवाल्यांनी एक बारकावा बघायला हवा, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ११–३२ कॅसेटमधल्या चक्र्या साधारण अशा असतात: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. पायऱ्या समान आहेत. २४ वरून २८, २८ वरून ३२, पायाला धक्का बसत नाही. आठ-स्पीडच्या ११–३४ मध्ये मात्र बऱ्याचदा अशी रचना मिळते: ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि मग थेट ३४. शेवटची उडी मोठी आहे. २६ वर ६५ ने फिरणारे पाय ३४ वर टाकल्यावर एकदम ८५ ने फिरायला लागतात आणि क्षणभर पायाखालून पेडल निसटल्यासारखं वाटतं. ३२ आणि ३४ च्या हलकेपणात मात्र फरक फक्त सहा टक्क्यांचा आहे.

त्यामुळे तुमचा मुख्य रस्ता जुना कात्रज घाट, दिवे घाट किंवा बोपदेव असता तर मी डोळे झाकून ११–३२ सांगितली असती. हे घाट एकतर आटोपशीर आहेत किंवा सौम्य, आणि तिथे समान पायऱ्यांचा फायदा जास्त. पण तुमची अडचण सिंहगडावर आहे आणि गुडघा दुखतोय. दुखरा गुडघा असलेल्या माणसाला मी नेहमी हातात असलेला सर्वांत हलका गिअर देतो. म्हणून तुमच्यासाठी ११–३४. त्या मोठ्या उडीबद्दल सांगायचं तर, सिंहगडासारख्या घाटात ती फार सलत नाही, कारण तुम्ही ३४ वर आलात की बराच वेळ तिथेच राहता. पाच टक्क्यांच्या तुकड्यांवर २६ तुम्हाला ६३ चा कॅडन्स देईल, सात टक्क्यांच्या पुढे ३४ घ्यायचा. दोन गिअर, दोन कामं. गुडघा सहा महिने शांत राहिला आणि घाटाचा वेळ ५५ मिनिटांच्या आत आला, तर पुढची कॅसेट झिजेल तेव्हा ३२ घ्या.

नऊ, दहा किंवा अकरा स्पीडवाल्यांनी हा भाग वाचून गोंधळू नये. चक्र्या जास्त असल्या की ३४ पर्यंतच्या पायऱ्या बऱ्याच समान होतात आणि ३२ घेण्याचं कारण जवळजवळ उरत नाही. अकरा-स्पीडवर मी आजकाल कोणालाही सरळ ११–३४ च बसवतो.

ऑर्डर देण्याआधी सायकल उलटी करा आणि मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचा. शेवटी ‘एसएस’ असेल तर ती छोट्या पिंजऱ्याची डिरेलर, तिला ३४ झेपणार नाही. ‘जीएस’ असेल तर मध्यम पिंजरा, क्लॅरिसच्या आर२००० मालिकेत ती ३४ घेते. पिंजरा म्हणजे दोन छोट्या पुली धरणारा तो लांबट हात. तो जितका लांब तितकी जास्त सैल चेन तो गोळा करू शकतो. तुमच्या बाबतीत गोळा करायची चेन अशी मोजतात: पुढच्या चक्र्यांचा फरक ५० वजा ३४, म्हणजे १६, आणि मागचा ३४ वजा ११, म्हणजे २३, एकूण ३९. आज ११–२८ वर तो ३३ आहे. ‘एसएस’ निघाली तर कॅसेटबरोबर ‘जीएस’ डिरेलरही घ्यावी लागेल. क्लॅरिसमध्ये ती परवडण्यासारखी आहे. हँगरला (फ्रेमवर डिरेलर जिथे बसते तो तुकडा) जोडपट्टी लावून छोट्या डिरेलरवर मोठी चक्री चालवणारे लोक आहेत, चालतंही, पण शिफ्टिंग ढिलं पडतं आणि पावसाळ्यात चिखलाने भरलं की आणखीच. मी ते कोणाच्या सायकलला करत नाही.

दुसरं, चेन. यावर मी हट्टी आहे, कारण इथली चूक महाग पडते. २८ साठी कापलेली चेन ३४ ला बहुतेक वेळा आखूड पडते. आखूड चेनवर चुकून पुढे ५० आणि मागे ३४ पडलं तर सगळं ताणून अडकतं, डिरेलर ओढली जाते आणि हँगर तुटतो. चालत्या सायकलवर झालं तर माणूसही पडतो. नवी कॅसेट तशीही जुन्या ताणलेल्या चेनवर उड्या मारते, म्हणून चेन नवीच घ्या. मोजायची पद्धत सोपी आहे: डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवरून गुंडाळा, टोकं जिथे जुळतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा आणि तिथे कापा. मग स्टँडवर, हाताने पेडल फिरवत, मुद्दाम ५०–३४ मध्ये घालून बघा. अडकत नसेल तरच रस्त्यावर न्या. शेवटी बी-स्क्रू: वरची पुली आणि ३४ ची चक्री यांत पाच-सहा मिलिमीटर जागा राहील एवढा फिरवा. पुली घासत असेल तर खरखर आवाज येतो, तो थांबेपर्यंत आवळत राहायचं.

क्रँकसेटबद्दल. दुकानदार चुकीचं सांगत नाही, पण तुमच्यासाठी ती पहिली पायरी नव्हे. पुढे ४६/३० घेतली तर ३० बाय ३४ मिळतो, म्हणजे ३४ बाय ३४ पेक्षाही बारा टक्के हलका. ज्यांना बॅगा लावून कोकणातून वर यायचंय, ज्यांचं वजन नव्वदच्या पुढे आहे किंवा ज्यांनी साठीत सायकल सुरू केलीय, त्यांना मी तो पर्याय देतो आणि ते खूश असतात. जुना ५०/३९/३० चा ट्रिपलही त्याच कामाचा, पण तुमच्या सायकलवर तो लावायचा तर डाव्या हाताचा शिफ्टर आणि पुढची डिरेलरही बदलावी लागते. कॅसेट आणि चेन यांच्या कितीतरी पट खर्च. आधी कॅसेट बदलून दोन महिने चालवा. तरीही सरासरी चढावर साठच्या खाली जात असाल तर क्रँकचं बोलू.

सपाटीवर वेग जाईल का? सर्वांत जड गिअर तोच राहतो, ५० बाय ११. त्यावर नव्वदच्या कॅडन्सला ताशी ५१ किलोमीटर होतात, म्हणजे तुमच्या उतारावरच्या वेगालाही पुरून उरेल. बदलते ती मधली पायरी. आज १७ नंतर १९ आहे, नव्या कॅसेटमध्ये १७ नंतर २० येईल. पुढे ५० असताना नव्वदच्या कॅडन्सला १७ वर ताशी ३३ आणि २० वर २८. या दोन वेगांच्या मधे, समोरून वारा असताना, ग्रुपच्या मागे चिकटून चालवताना तुम्हाला कधी कधी मधला गिअर हवासा वाटेल. एवढंच. सासवड रोडवर संध्याकाळच्या वाऱ्यात मला तो हवासा वाटतो आणि तरीही मी बदल मागे घेतलेला नाही.

इथवरचं पुन्हा एकदा: तुमची तासाभराची ताकद दीडशे वॅटच्या आसपास, २८ वर सात टक्क्यांना कॅडन्स ५२, तो साठच्या वर न्यायचाय, म्हणून ११–३४, नवी चेन, आणि गरज असेल तर ‘जीएस’ डिरेलर.

आता महाबळेश्वर, कारण तो प्रश्न सिंहगडापेक्षा वेगळा आहे. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट साधारण अकरा-बारा किलोमीटरचा, पण चढ पाच टक्क्यांच्या आसपास आणि बराच एकसारखा. ताज्या पायांनी तुम्ही तो आजच्या २८ वरही ६८ च्या कॅडन्सने चढाल. पण तुम्ही ताज्या पायांनी तिथे पोहोचणारच नाही. पुण्याहून वाईपर्यंत ८५ ते ९० किलोमीटर झालेले असतात, वाटेत खंबाटकी चढलेला असतो, आणि लवकर निघालात तरी ऊन वर आलेलं असतं. तेव्हा दीडशे वॅटचे सव्वाशे होतात. सव्वाशे वॅटवर पसरणीत २८ ने कॅडन्स ५७ वर येतो, ३४ ने ६९ राहतो. लांबच्या राइडमध्ये गिअर थकलेल्या पायांसाठी निवडायचा असतो, ही गोष्ट मला २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेनी (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब राइड) शिकवली. साडेतेरा तासांची मुदत तिथे हळू चालवल्यामुळे फारशी कोणाची हुकत नाही. सत्तराव्या किलोमीटरच्या घाटात मांड्या जाळून बसलेले लोक दीडशेव्या किलोमीटरला सावलीत बसलेले दिसतात.

याच कारणाने नुसता सरासरी टक्का बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. पोलादपूरहून महाबळेश्वरला येणारा आंबेनळी घाट कागदावर तीन-साडेतीन टक्के भरतो, सिंहगडाच्या निम्मा. पण तो चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, समुद्रसपाटीजवळून साडेतेराशे मीटरपर्यंत नेतो, आणि खालची दमट हवा अंगातलं पाणी काढून घेते. तिथे हलका गिअर सोबतीला असणं म्हणजे तिसऱ्या तासातही बसून पेडल मारता येणं.

सिंहगडावर आणखी एका कारणाने मी हलका गिअर सुचवतो, ते कुठल्याच हिशोबात येत नाही. रविवारी सकाळी नऊनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. समोरची कार वळणावर अचानक थांबते, तुम्हाला पाय टेकावाच लागतो, आणि मग तिथूनच, दहा टक्क्यांवर, मागून हॉर्न वाजत असताना पुन्हा सुरुवात करायची असते. ३४ बाय २८ वर पहिलं पेडल दाबायला उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात सायकल तिरकी होते. ३४ बाय ३४ वर एका पेडलमध्ये सायकल चालू लागते, दुसऱ्या पायाला क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा) बसवायला वेळ मिळतो. मी नव्या रायडर्सना पडताना सर्वांत जास्त याच क्षणी पाहिलंय. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून जा, किंवा उजाडताच चढायला सुरुवात करा.

गुडघ्याबद्दल एक खबरदारी. गिअर हे एक कारण आहे, एकमेव नसेल. वाटीच्या पुढे दुखतं तेव्हा सीट खाली असण्याची शक्यता मी आधी तपासतो. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट थोडी थोडी, एका वेळी चार-पाच मिलिमीटर, वर घ्या. सीट आणि गिअर दोन्ही ठीक करूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जिना उतरताना दुखायला लागलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. तिथे कॅसेटचा उपाय चालत नाही.

हलक्या चाकांचा विचार करताय असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ८८ किलोमधला एक किलो कमी झाला तर तुमच्या ६५ मिनिटांतली चाळीसेक सेकंद वाचतील. मिळालं तर कोणाला नको, पण त्या पैशांत कॅसेट, चेन, डिरेलर आणि वर्षभराचे टायर येतात, आणि पाय टेकणं थांबवण्याचं काम कॅसेटच करते.

कॅसेट बसली की पहिल्या दिवशी सिंहगडावर जाऊ नका. आधी बोपदेवला जा. पुढची चेन मोठ्यावरून छोट्या चक्रीवर चढ सुरू होण्याआधी, पाय हलके असतानाच उतरवा. जोर लावलेला असताना उतरवली की चेन खाली फ्रेमवर पडते. मागे २६ वरून ३४ घेताना अर्ध्या फेऱ्यापुरता पायाचा जोर कमी करा, शिफ्ट होऊ द्या, मग पुन्हा दाबा. घाटात दोनदा हे करून बघा, कान चेनकडे ठेवा. नव्या गिअरच्या केबलला थोडा ताण लागतो, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर डिरेलरवरचा तो छोटा बॅरल पाव-अर्धा फेरा फिरवून घ्यावा लागेल. मग सिंहगड. पायथ्याचं पहिलं किलोमीटर मुद्दाम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हळू जा, एका मिनिटाचे पेडलचे फेरे मोजा, आणि तो आकडा, तुमचा एकूण वेळ आणि कुठे पाय टेकला ते मला कळवा. डिरेलरवरचा क्रमांक मात्र त्याच्या आधी, कॅसेटचे पैसे भरण्यापूर्वी पाठवा.